गुडघ्यात दुर्बीण घालू की नको? (चवथीआधी ठरवायचंय)

अबोलीची_वेणी (१८ जून, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज धागा काढायची वेळ आली.

वय ५३, फोंडा तालुका, हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. उजवा गुडघा नोव्हेंबरपासून दुखतोय. पडले नाही, मुरगळला नाही. आतल्या बाजूने दुखतो, जिना उतरताना जास्त. रात्री कुशीवर झोपले आणि एक गुडघा दुसऱ्यावर टेकला तरी कळ येते. माझे सगळे वर्ग पहिल्या मजल्यावर, म्हणजे दिवसाला सहा-सात वेळा वर-खाली. जमिनीवर बसणं तर सुटलंच.

गोळ्या झाल्या, पट्टा झाला, एक इंजेक्शन झालं (दीड महिना बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न). एमआरआय काढला. रिपोर्टात ‘मेडियल मेनिस्कस, पोस्टिरिअर हॉर्न, ग्रेड ३ टेअर’ असं आहे (मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, टेअर म्हणजे फाट) आणि खाली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, थोडी झिजल्याचं लिहिलंय. एका खासगी हॉस्पिटलातल्या सर्जननी फिल्म दिव्याकडे धरली आणि दोन मिनिटांत निकाल दिला: गादी फाटलीय, दुर्बिणीतून साफ करू, दोन बारीक भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. खर्च सव्वा लाखाच्या आसपास. "चवथीला फुगडी घालाल बाई," असंही म्हणाले. गुडघ्याला मात्र हात लावला नाही.

घरचे म्हणतात, करून टाक एकदाचं. माझं मन घेत नाही आणि का घेत नाही ते सांगता येत नाही. ज्यांनी केलंय आणि ज्यांनी टाळलंय, दोघांचेही अनुभव हवेत. चवथीआधी करायचं तर जुलैतच करावं लागेल. तारीख घेऊन ठेवलीय.

हुर्राक_हंगामी

फुगडीची गॅरंटी लेखी घ्या.

निवृत्त_पायलट

ताई, माझ्या डाव्या गुडघ्याची झाली होती, २०१९ मध्ये. तेव्हा वय ५८. (पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलचा. ३० वर्षं क्लच-ब्रेक मारून गुडघे गेले.)

दोन भोकं हे खरं. दुसऱ्या दिवशी घरी, हेही खरं. तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा, कसा चालतोय. सहाव्या महिन्यात मूळ पदावर. २०२२ मध्ये सांधाच बदलावा लागला. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली होती म्हणून झेपलं तरी.

ऑपरेशन वाईट झालं असं नाही म्हणणार. माझा गुडघाच झिजलेला होता आणि साफसफाई गादीची झाली. छप्पर गळतंय आणि आपण केर काढतोय, तशातली गत.

डावा_विंगर

दुसरी बाजू मांडतो. वय २६. सासष्टीत फुटबॉल खेळतो. दोन वर्षांपूर्वी मॅचमध्ये वळताना गुडघा फिरला आणि अडकला. अडकला म्हणजे खरोखर अडकला, पाय सरळच होईना. मित्रांनी उचलून बाहेर नेला. गादीचा मोठा तुकडा फाटून सांध्याच्या मधे येऊन बसला होता. दुर्बिणीतून तो जागेवर नेऊन शिवला. सहा आठवडे कुबड्या, पाच-सहा महिने फिजिओ, आता पुन्हा खेळतोय. माझ्यासाठी दुर्बीण म्हणजे देव.

कारातें

देव-बीव काही नाही, सगळा धंदा आहे. एमआरआयचं मशीन घेतलं की कुणाची तरी गादी फाटलीच पाहिजे. माझ्या मावशीला, आतेभावाला आणि शेजाऱ्याला, तिघांनाही ‘ग्रेड ३’. एकाच गावातल्या तिघांचे गुडघे एकाच पद्धतीने कसे फाटतात?

मोगऱ्याचा_वास

@कारातें, नाव सार्थ करताय.

माझी मागच्या वर्षी झाली, वय ४९. चार महिने फिजिओ करून कंटाळले होते, उपयोग शून्य. ऑपरेशननंतर आज मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन पिशव्या घेऊन फिरते. ज्याचं जळतं त्याला कळतं. सरसकट धंदा म्हणू नका.

हाडाचा_डॉक्टर

उशिरा आलो. अस्थिरोगातच काम करतो, सरकारी नोकरीत. कुठे ते विचारू नका. इथे बसून कुणाचा गुडघा तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा.

विंगर आणि वेणीताई यांच्या रिपोर्टात शब्द एकच आहे, टेअर. पण नवं कापड खिळ्याला अडकून टरकतं ते वेगळं आणि जुनं लुगडं घडीवर विरतं ते वेगळं. विंगरचं टरकलं होतं, शिवता आलं. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली शिवण धरते. विरलेलं लुगडं शिवायला गेलात तर टाक्याशेजारी पुन्हा फाटतं. म्हणून पन्नाशीत शक्यतो शिवत नाहीत, फाटका भाग कापून काढतात. ‘साफ करू’ म्हणजे बहुतेक वेळा हेच. गादी जितकी कापाल तितका भार कूर्चेवर जातो, ही त्याची किंमत.

आता अभ्यासांबद्दल. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० झिजलेल्या गुडघ्यांवर एक प्रयोग झाला, २००२ मध्ये छापून आला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरडून साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींना भूल देऊन फक्त कातडीवर छेद घेतले. आत काहीच केलं नाही, पाण्याचा आवाज तेवढा केला. कुणाला काय मिळालं ते रुग्णाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाहिलं, तिन्ही गटांत फरक नाही. मग लोक म्हणाले, ते संधिवाताचे गुडघे होते, नुसत्या फाटलेल्या गादीचं काय? ते फिनलंडने २०१३ मध्ये केलं. संधिवात नसलेले, ३५ ते ६५ वयाचे, झिजून गादी फाटलेले १४६ जण. अर्ध्यांची गादी कापली, अर्ध्यांना नाटकी ऑपरेशन. वर्षाने दोन्ही गट सारखेच सुधारलेले. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञगटाने झिजेच्या जवळजवळ सगळ्याच गुडघ्यांत दुर्बीण वापरू नका, अशी ठाम शिफारस केली.

ताई, मला तीन गोष्टी सांगा. गुडघा विंगरसारखा अडकतो का, की नुसता कटकट वाजतो? दुखणं हळूहळू वाढलं की एका दिवशी ‘कट्’ झालं आणि तिथून सुरू झालं? आणि उभं राहून एक्स-रे काढलाय का?

कारातें

म्हणजे मी बरोबर बोललो.

हाडाचा_डॉक्टर

अर्धंच. विंगरच्या गुडघ्याला तुम्ही धंदा म्हणाला असतात तर तो आज लंगडत असता.

मोगऱ्याचा_वास

नाटकी ऑपरेशन! म्हणजे आमचं दुखणं मनातलं होतं म्हणायचं? मला फरक पडलाय, तो काय भास?

हाडाचा_डॉक्टर

नाही हो ताई. दुखणं खरं, बरं वाटणंही खरं. प्रश्न एवढाच की बरं कशाने वाटलं. गुडघ्याच्या दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो भरतीच्या टोकाला. नंतर ओहोटी येणारच असते, श्रेय मिळतं शेवटच्या उपायाला. शिवाय ऑपरेशननंतर विश्रांती आणि व्यायाम दोन्ही नेमाने होतात.

तुमच्यासारख्यांचीही नोंद आहे. अमेरिकेतल्या ३५१ जणांच्या अभ्यासात, तोही २०१३ चा, फिजिओच्या गटातले ३० टक्के लोक सहा महिन्यांत ऑपरेशनकडे वळले. म्हणजे व्यायाम सगळ्यांना पुरत नाही, हे कबूल. पण आधी व्यायाम करून पाहिल्याने त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. दार उघडंच राहतं. कापलेली गादी मात्र परत येत नाही.

उंडो_आणि_चहा

दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारचा आरोग्य विमा) आहे ना? तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. या ऑपरेशनला चालतं का ते विचारा आणि करून मोकळ्या व्हा.

अबोलीची_वेणी

कार्ड चालेल की नाही ते पाहता येईल, पण फुकट आहे म्हणून गुडघ्याला भोक का पाडून घेऊ? :)

डॉक्टर, तुमच्या प्रश्नांवर रात्रभर विचार केला. अडकत नाही. वाजतो, कधी कधी ‘आता दगा देणार’ असं वाटतं. उभ्याने एक्स-रे कुणी काढायला सांगितला नाही, आडवं झोपवून काढला. आणि ते ‘कट्’... आधी नाही म्हणणार होते. पण आठवलं, कार्तिकात तुळशीच्या लग्नाच्या दिवशी अंगणात उकिडवी बसून रांगोळी घालत होते, उठताना मागच्या बाजूला काहीतरी टचकन झालं होतं. त्या रात्री सूज नव्हती, म्हणून सोडून दिलं. याला काही अर्थ आहे का?

हाडाचा_डॉक्टर

असू शकतो, म्हणूनच विचारलं. गादी हाडाला जिथे रोवलेली असते ते तिचं मूळ. आपल्याकडे उकिडवं बसण्या-उठण्याने, विशेषतः पन्नाशीच्या बायकांत, आतल्या गादीचं मागचं मूळ निखळू शकतं. मूळ सुटलं की गादी जागच्या जागी असूनही भार पेलत नाही, बाहेर सरकते आणि गुडघा झपाट्याने झिजतो. वरचे अभ्यास अशा गुडघ्यांबद्दल नाहीत. तिथे वेळेत मूळ परत हाडाला बांधण्याचा विचार करावा लागतो. कापायचा नव्हे, बांधायचा.

‘पोस्टिरिअर हॉर्न’ म्हणजे मागचं टोक, मूळ (रूट) त्याच्याही पलीकडे. तुमचा रिपोर्ट मुळाबद्दल गप्प आहे. फिल्म दुसऱ्या कुणाला तरी दाखवा आणि थेट विचारा: रूट शाबूत आहे का, गादी बाहेर सरकलीय का?

कारातें

हे मला नव्हतं माहीत. माझी दोन वाक्यं मागे घेतो. तिसरं ठेवतो.

फिजिओ_साखळी

(साखळी गावची, गुडघ्यांची साखळी नव्हे.)

मोगराताई, चार महिने फिजिओ म्हणजे नक्की काय केलंत? चिडू नका, पण माझ्याकडे ‘फिजिओ करून झालं’ म्हणत येणाऱ्यांना विचारलं की कळतं, दहा दिवस शेक आणि मशीन, बस. ते फिजिओ नव्हे, ती ऊब.

कामाचा भाग कंटाळवाणा आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद दाबायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमलं की खुर्ची थोडी बुटकी करायची. मग एका पायरीवर चढ-उतार. आठवड्यातून तीन-चार दिवस आणि किमान १२ आठवडे. करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं किंवा सुजलं तर आदला दिवस जड झाला असं समजायचं.

आणि शाळेतल्या जिन्यासाठी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी घेतलीत तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सगळे उलटं करतात.

मोगऱ्याचा_वास

...शेक आणि मशीनच होतं.

हुर्राक_हंगामी

विज्ञानात थोडी भर घालतो. आमचा पाडेली (नारळ पाडणारा) साठीचा आहे. गुडघ्याला काजूची फेणी चोळून माडावर चढतो. म्हणतो, "चडटना कांय ना, देंवताना दुखता." मी समजत होतो, चढताना फेणीचा असर असतो आणि उतरेपर्यंत उडून जातो.

फिजिओ_साखळी

तुमच्या पाडेल्याने अर्धं पुस्तक एका वाक्यात सांगितलं! चढताना मांडीचा स्नायू आखडत जातो. उतरताना तोच स्नायू ताणला जात जात ब्रेक लावतो आणि वाटीवर, सांध्यावर दाब जास्त येतो. ब्रेक कमजोर असेल तर गुडघा धक्का खातो. व्यायाम त्या ब्रेकचाच आहे.

निवृत्त_पायलट

ते सगळं राहू द्या. साठीचा पाडेली? अजून चढतो? कुठल्या गावचा? आमचे नारळ डोक्यावर पडायची वेळ आली.

उंडो_आणि_चहा

मलाही नंबर हवा. सहा माड आहेत.

डावा_विंगर

+१, आजीसाठी.

हुर्राक_हंगामी

पाडेल्याचा नंबर गोव्यात कुणी उघड्यावर देतं का? मुलीच्या स्थळासारखी चौकशी करावी लागते.

काणकोणी_वारा

गुडघ्याच्या धाग्याचा नारळ झाला.

माझ्या आईला गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या चालू आहेत, महिन्याला हजारावर जातात. त्यांचं काय?

हाडाचा_डॉक्टर

अमेरिकेतल्या दीड हजारांवर लोकांच्या अभ्यासात (२००६) सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. त्या पैशांत आईला चांगली उंच खुर्ची आणि कमोड घ्या. वजन जास्त असेल तर तेही बघा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

कारातेंच्या ‘एकाच गावातल्या तिघांना ग्रेड ३’ वर उत्तर द्यायचं राहिलं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे, दुखो वा न दुखो, एमआरआय काढले होते. ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात दुखलाच नव्हता. म्हणजे मशीन खोटं बोलत नाही. पन्नाशीनंतर गादी फाटलेली असणं पिकलेल्या केसांसारखं आहे. डोकं दुखलं म्हणून पिकलेला केस उपटत नाही आपण.

कारातें

हे वाक्य चोरणार.

मांडवीची_पोर

अवांतर: ही दुर्बीण मुळात गुडघ्याची नव्हेच. १९१८ मध्ये टोकियोत ताकागी नावाच्या डॉक्टरांनी मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. तिथून सुरुवात. दुर्बिणीतून गादी कापायला पुढे १९६२ उजाडलं, तेही जपानमध्येच, वातानाबे यांच्या हातून. उकिडवं बसणाऱ्या देशात शोध लागला, यात नवल नाही म्हणते मी.

हाडाचा_डॉक्टर

शेवटचं वाक्य तुमच्या पदरचं, पण ऐकायला बरं वाटलं.

अबोलीची_वेणी (४ जुलै)

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) जाऊन आले. सकाळी लवकर निघाले, अर्धा दिवस गेला, सार्थकी लागला. तरुण डॉक्टर होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने आधी चालून दाखवायला सांगितलं, मग गुडघा वाकवून, पिळून, दाबून पाहिला. फिल्म वरिष्ठांना दाखवली. रूट शाबूत, गादी सरकलेली नाही. उभ्याने एक्स-रे काढला, आतल्या बाजूची फट थोडी कमी झालीय, फार नाही. "तीन महिने मन लावून व्यायाम करा, मग भेटू. मध्येच अडकायला लागला तर थांबू नका, लगेच या."

मी विचारलं, ऑपरेशन केलं नाही तर फाट वाढेल का? ती म्हणाली, "बाई, तुम्ही फाटीला घाबरताय, मी तुमच्या मांडीला घाबरतेय." दोन्ही मांड्यांना टेप लावून दाखवली. उजवी दोन सेंटिमीटरने बारीक. आठ महिने पाय वाचवत होते, त्यात मांडी गेली.

जुलैची तारीख फोन करून रद्द केली. पलीकडून "बरं, मग कधीची देऊ?"

आणि मन का घेत नव्हतं ते आता कळलं. गुडघ्याला हात न लावता निकाल दिला होता, ते खटकलं होतं. आम्ही पोराची वही न उघडता गुण देत नाही हो.

निवृत्त_पायलट

मला २०१९ मध्ये हा धागा हवा होता.

मोगऱ्याचा_वास

ताई, करताय ते बरोबर. पण तीन महिन्यांनी नाहीच जमलं तर ऑपरेशनला कमीपणा मानू नका.

अबोलीची_वेणी (२ ऑक्टोबर)

साखळीताईंनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) झापलं, "लोक धागा काढतात आणि शेवट सांगत नाहीत." म्हणून आले.

१२ आठवडे झाले. त्यात नऊ नेमाने, तीन चवथीचे आणि आळसाचे. दुखणं आधी दहापैकी सात असायचं, आता तीन. काही दिवस पाच. रात्रीची कळ गेली. दोन गुडघ्यांमध्ये उशी घेते. जिना चढताना विसरायला होतं, उतरताना अजून कठडा लागतो. मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारलं, दोन वर्ग तळमजल्यावर आणून दिले. आठ महिने विचारलंच नव्हतं. वजन तीन किलो उतरलं. डॉक्टरांच्या हिशेबाने पावलागणिक बारा.

पातोळ्यो खुर्चीवर बसून भरल्या, सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. आरतीला उभी राहिले. फुगडी घातली नाही. नणंदेने ओढलं, दोन गिरक्यांपुरती गेले आणि तिसरीला सोडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दहा घरचे गणपती केले, त्या रात्री गुडघा सुजला. दोन दिवसांनी उतरला.

गोमेकॉतल्या डॉक्टरने सहा महिन्यांनी बोलावलंय. ऑपरेशन या जन्मी नाहीच, असं म्हणत नाही.

सगळ्यांना देव बरें करूं. आणि हुर्राकभाऊ, सासूबाई म्हणतात, माड चार आहेत, माणसं चांगली आहेत, चौकशीला केव्हाही या. पाडेल्याचा नंबर तेवढा व्यनि करा.

हुर्राक_हंगामी

तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावं लागेल. त्याचा गुडघा दुखतोय. साखळीताईंकडे पाठवलाय.